‘निरपराध फ्रेंच’ कोण?

मित्रहो,

आजचा विषय आहे युरोपातला ज्यूद्वेष. बोलण्याची सुरुवात मी एका वाक्याने करणार आहे. ते वाक्य कोणा माथेफिरूचे नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या, सभ्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका पंतप्रधानांचे आहे. ३ ऑक्टोबर १९८० रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, पॅरिसमधल्या कोपर्निक नावाच्या रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये काही शे माणसे प्रार्थनेसाठी जमली होती. बाहेर एक मोटारसायकल उभी होती आणि तिला अडकवलेल्या पिशवीत स्फोटके होती. स्फोट झाला तेव्हा प्रार्थनेला आलेली माणसे आतच होती. रस्त्यावर मात्र चार जण मारले गेले आणि चाळिसाहून अधिक जखमी झाले. त्यानंतर पंतप्रधान रेमाँ बार दूरचित्रवाणीवर म्हणाले की, सिनेगॉगला जाणाऱ्या ज्यूंना लक्ष्य करू पाहणाऱ्या या घृणास्पद हल्ल्याने कोपर्निक रस्ता ओलांडणाऱ्या निरपराध फ्रेंच माणसांचा बळी घेतला.

या वाक्यात शिवी नाही. हल्ल्याचा निषेधच आहे. परंतु वाक्याची घडण पाहा. एका बाजूला ‘ज्यू’ आहेत आणि दुसऱ्या बाजूला ‘निरपराध फ्रेंच’ आहेत. जे आत प्रार्थना करीत होते ते जणू फ्रेंच नव्हते, आणि कदाचित पुरते निरपराधही नव्हते. वस्तुस्थिती अशी होती की, मृतांमध्ये एक इस्रायली स्त्री होती आणि एक पोर्तुगीज माणूस होता, आणि आत बसलेले बहुसंख्य लोक मात्र फ्रान्सचे नागरिक होते. म्हणजे पंतप्रधानांच्या वाक्यात जे परके ठरले ते फ्रेंच होते आणि जे फ्रेंच ठरले त्यांतले निदान दोघे परदेशी होते. बार यांच्यावर तेव्हा टीका झाली. जवळपास सत्तावीस वर्षांनी, २००७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी ते वाक्य मागे तर घेतले नाहीच, उलट आपल्यावर टीका करणाऱ्या ‘ज्यू लॉबी’ला दोष दिला.

युरोपात आज वाढत असलेल्या ज्यूद्वेषाबद्दल बोलताना मी फक्त फ्रान्सबद्दल बोलणार आहे. युरोपातला सर्वांत मोठा ज्यू समाज तिथे आहे. संख्या साधारण साडेचार लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. युरोपात ज्यूंना समान नागरिकत्व सर्वांत आधी दिले तेही याच देशाने, १७९१ मध्ये. आणि आपल्या वर्तमानपत्रांत या प्रश्नाची जी दोन सोपी उत्तरे छापून येतात, त्या दोन्ही उत्तरांची कसोटी फ्रान्समध्ये लागते. एक उत्तर म्हणते की हा सगळा स्थलांतरित मुसलमानांचा प्रताप आहे. दुसरे म्हणते की इस्रायलच्या धोरणांवरचा हा संताप आहे, त्याला ज्यूद्वेष म्हणणे हीच लबाडी आहे. मला या दोन्ही उत्तरांत एकच खोट दिसते. ज्यूद्वेष प्रत्येकाला फक्त समोरच्याच्या घरात सापडतो.

त्याआधी आपल्याविषयी दोन शब्द बोलायला हवेत, कारण या विषयाकडे मराठी माणूस जरा लांबून, कोरड्या कुतूहलाने पाहतो. त्याचे कारण चांगलेच आहे. कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, बेने इस्रायली शतकानुशतके राहिले. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत असे. त्या नावात जात आहे, धंदा आहे, वारही आहे, द्वेष नाही. त्यांच्या वस्त्या कोणी जाळल्या नाहीत आणि त्यांच्याकडे कोणी येशूच्या मरणाचा जाब मागितला नाही. त्यामुळे ‘ज्यूद्वेष’ हा शब्द आपल्या भाषेत अनुभवातून उगवलेला नाही. तो परदेशच्या बातम्यांबरोबर आला. या भाग्याची दुसरी बाजूही आहे. पुण्या-मुंबईच्या पदपथांवर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांना खेटून हिटलरचे आत्मचरित्र विकायला मांडलेले असते, आणि चांगल्या घरची मुले ते ‘शिस्त शिकण्यासाठी’ विकत घेतात. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू म्हणूनच माणसे मारली गेली. त्या घटनेनंतरही ज्यूद्वेषावर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. आपण तिला दहशतवादाच्या मोठ्या हिशेबात जमा करून टाकले.

आता फ्रान्सकडे. १७८९ च्या डिसेंबरात, क्रांतीला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा राष्ट्रीय सभेत ज्यूंना नागरिक मानावे का, यावर वाद झाला. काउंट क्लेर्मों-तोनेर यांनी त्यांच्या बाजूने भाषण केले आणि त्यातले सूत्र पुढे प्रसिद्ध झाले: ज्यूंना राष्ट्र म्हणून काहीही देऊ नये, व्यक्ती म्हणून सर्व काही द्यावे. त्या काळाच्या मानाने हे अत्यंत उदार सूत्र होते. जर्मन संस्थानांत आणि रशियात ज्यूंवर शेकडो बंधने असताना फ्रान्सने त्यांना मताचा, नोकरीचा आणि सैन्यात अधिकारी होण्याचा हक्क दिला. तथापि या करारात एक कलम होते आणि ते सैल होते. माणूस ‘व्यक्ती’ झाला की अजून ‘राष्ट्र’च राहिला, हे ठरवायचे कोणी? हा दाखला देण्याचा अधिकार ज्यूंकडे कधीच नव्हता. तो इतरांकडे होता आणि कधीही परत मागता येत होता.

कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसचे प्रकरण आपल्याला शाळेच्या पुस्तकातून साधारण माहीत असते. मला त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ड्रेफस हा करारातले प्रत्येक कलम पाळणारा माणूस होता. आल्सासमधल्या म्युलूझ गावचे त्याचे कुटुंब. १८७१ मध्ये तो प्रांत जर्मनीने घेतला तेव्हा या कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व निवडले. मुलगा तोफखान्यात अधिकारी झाला. एवढे करूनही १८९४ मध्ये जर्मनीला गुपिते विकल्याचा आरोप याच माणसावर आला, आणि हस्ताक्षराचा पुरावा डळमळीत असताना तो दोषी ठरला. ५ जानेवारी १८९५ रोजी लष्करी विद्यालयाच्या पटांगणात त्याच्या गणवेशावरची पदचिन्हे ओरबाडून काढण्यात आली, तलवार मोडण्यात आली आणि कुंपणाबाहेर जमलेला जमाव ज्यूंच्या मरणाच्या घोषणा देत राहिला. खरा हेर दुसराच आहे, हे पुढे सैन्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या लक्षात आले. एमिल झोला यांनी १३ जानेवारी १८९८ रोजी राष्ट्राध्यक्षांना उघडे पत्र लिहिले. १८९९ मध्ये फेरखटला झाला आणि त्यातही ड्रेफस पुन्हा दोषी ठरला. या वेळी म्हणे ‘सौम्य करणारी परिस्थिती’ होती. देशद्रोहाला सौम्य करणारी परिस्थिती कोणती असते, हे त्या न्यायालयालाच ठाऊक! १९०६ मध्ये तो अखेर निर्दोष ठरला. त्याची गेलेली सेवाज्येष्ठता मात्र पुरती परत मिळाली नाही, आणि त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल करण्याच्या विधेयकावर फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने एकमताने मतदान केले ते जून २०२५ मध्ये.

ड्रेफसकडे हिशेब मागितला गेला तो जर्मनीचा. हा ‘हिशेब’ शब्द कृपया लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये ज्यू माणसाकडे नेहमी दुसऱ्याच कोणाचा तरी हिशेब मागितला जातो. कधी जर्मनीचा, कधी बँकांचा, कधी वसाहतवादाचा, आणि आज इस्रायलचा.

दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीवर मी फार वेळ थांबत नाही, कारण तो इतिहास बराच लिहिला गेला आहे. ज्यूंना सरकारी नोकऱ्या, सैन्य, शिक्षण, वृत्तपत्रे यांतून हाकलणारा कायदा ३ ऑक्टोबर १९४० चा आहे. कोपर्निकचा बॉम्ब बरोबर चाळीस वर्षांनी त्याच तारखेला फुटला. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि परिसरातून सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडण्यात आले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती, आणि पकडणारे पोलीस जर्मन नव्हते, फ्रेंच होते. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६,००० ज्यू छळछावण्यांकडे धाडले गेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास परत आले. या गुन्ह्यात फ्रेंच राज्याचा हात होता, हे राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून ऐकायला १९९५ साल उजाडावे लागले. ते झाक शिराक यांनी केले. त्याआधीचे राष्ट्राध्यक्ष, उजवे असोत वा डावे, व्हिशी म्हणजे फ्रान्स नव्हेच, असे सांगून मोकळे होत असत.

मराठी वाचकाला बहुधा ठाऊक नसलेला, आणि आजचे चित्र समजून घ्यायला सर्वांत उपयोगी पडणारा भाग आहे तो अल्जीरियाचा. आज फ्रान्समध्ये राहणाऱ्या ज्यूंपैकी मोठ्या भागाची मुळे पोलंड-रशियात नाहीत, उत्तर आफ्रिकेत आहेत. अल्जीरियातले ज्यू तिथे फ्रेंच येण्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. अरबी बोलत, तेच अन्न खात, तीच गाणी ऐकत. २४ ऑक्टोबर १८७० रोजी फ्रान्सचे न्यायमंत्री आदोल्फ क्रेमिअ, जे स्वतः ज्यू होते, यांनी एक फर्मान काढले आणि अल्जीरियातल्या सुमारे पस्तीस हजार ज्यूंना एका फटक्यात फ्रेंच नागरिक केले. शेजारच्या मुसलमानाला मात्र नागरिक व्हायचे असेल तर स्वतंत्र अर्ज करून आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडावा लागे. तसे करणारे फारच थोडे निघाले. बाकीचे ‘देशी प्रजा’ राहिले, आणि त्यांच्यासाठी शिक्षांचे वेगळे नियम झाले. एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एकाच्या हातात राज्यकर्त्यांनी नागरिकत्वाचा कागद दिला आणि दुसऱ्याच्या हातात दंडाची पावती. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातली गणिते ज्यांना आठवतात त्यांना ही पद्धत नवी वाटू नये.

याचे पडसाद लगेच उमटले. गंमत अशी की पहिला संताप मुसलमानांचा नव्हता. अल्जीरियात स्थायिक झालेल्या युरोपीय वसाहतवाल्यांचा होता. ज्यू आपल्या पंगतीला बसलेले त्यांना सहन होत नव्हते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्जीरियातून उघडउघड ज्यूविरोधी पुढारी पॅरिसच्या संसदेत निवडून गेले. मुसलमान जमावाने ज्यूंवर मोठा हल्ला केला तो ऑगस्ट १९३४ मध्ये, कॉन्स्टंटीन शहरात. पंचविसाच्या आसपास ज्यू मारले गेले. १९४० मध्ये व्हिशी सरकारने क्रेमिअ फर्मान रद्द केले आणि सत्तर वर्षे नागरिक असलेल्या माणसांना रातोरात प्रजा करून टाकले. १९४३ मध्ये ते पुन्हा लागू झाले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला तेव्हा सुमारे एक लाख तीस हजार ज्यू समुद्र ओलांडून फ्रान्सला आले. ते नागरिक म्हणून, मायदेशी ‘परतणारे’ म्हणून आले, जरी त्यांतल्या बहुतेकांनी तो मायदेश कधी पाहिला नव्हता. त्यांच्या मागोमाग आलेले मुसलमान कामगार स्थलांतरित म्हणून आले.

आणि मग काय झाले? दोघांनाही घरे मिळाली ती पॅरिसच्या उत्तरेकडच्या सार्सेलसारख्या उपनगरांतल्या त्याच सिमेंटच्या इमारतींत. वरच्या मजल्यावर कॉन्स्टंटीनचे ज्यू कुटुंब, खाली ओरानचे मुसलमान कुटुंब. कित्येक वर्षे हे शेजार बरे चालले. दोन्हीकडच्या आज्यांना एकमेकींची भाषा कळत होती. नातवंडांना ती कळेनाशी झाली, आणि दोन घरांमधले जुने अंतर मात्र राहिले. एकाला शाळा, दुकान, वकिली, डॉक्टरकी असे वर जाण्याचे रस्ते सापडत गेले. दुसऱ्याला नोकरीच्या अर्जावरचे नाव आडवे येत राहिले. या असूयेत ज्यूंचा काहीही दोष नाही, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर उठण्याचे समर्थनही होऊ शकत नाही. पण ही वसाहतवादी फाळणी लक्षात न घेता जे कोणी ‘इस्लाम विरुद्ध ज्यू’ असे चौदाशे वर्षांचे युद्ध रंगवतात, ते फ्रेंच राज्याला अलगद बाजूला काढून ठेवतात.

आकड्यांकडे वळू. १९९९ मध्ये फ्रान्समध्ये नोंदलेल्या ज्यूविरोधी घटना ८२ होत्या. २००० मध्ये त्या ७४४ झाल्या. त्या सप्टेंबरात पॅलेस्टाइनमध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा उठाव, सुरू झाला होता. तेव्हापासून हा आलेख मध्यपूर्वेच्या तापाबरोबर चढतो, पण ताप उतरल्यावर पूर्वीच्या पातळीवर कधीच परत येत नाही. २०२२ मध्ये ४३६ घटना, २०२३ मध्ये १,६७६, २०२४ मध्ये १,५७०. धर्मामुळे झालेल्या सर्व नोंदीत घटनांपैकी ६२ टक्के घटना २०२४ मध्ये ज्यूंविरुद्ध होत्या. आणि त्यांची संख्या, मी मघाशी म्हणालो तसे, शंभरात एकही भरत नाही. २०२३ ची उडी ७ ऑक्टोबरला हमासने केलेल्या कत्तलीनंतर लगोलग सुरू झाली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे गाझाची विध्वंसाची चित्रे जगाने पाहण्यापूर्वीच, मारले गेलेले बहुतांश लोक इस्रायली ज्यू असतानाच, पॅरिसमधले ज्यू लक्ष्य होऊ लागले होते. संतापाने द्वेष जन्मतो, हा सिद्धांत इथे पुरेसा पडत नाही.

गाझात हजारो निरपराध माणसे, मुले मारली गेली. त्याबद्दल इस्रायल सरकारवर कठोरातली कठोर टीका करणे हा ज्यूद्वेष नव्हे. फ्रान्समधले कित्येक ज्यू स्वतः ती टीका करतात. सीमारेषा कुठे येते, याबद्दल परिषदांमध्ये व्याख्यांचे वाद चालतात. मला एक साधी खूण पुरते. हिशेब कोणाकडे मागितला जातो आहे? नेतान्याहूंकडे, इस्रायलच्या संसदेकडे, शस्त्रे विकणाऱ्या देशांकडे मागितला तर ते राजकारण झाले. रूआँच्या सिनेगॉगला २०२४ च्या मे महिन्यात आग लावून तो मागितला, किंवा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ला ग्रांद-मोतच्या सिनेगॉगसमोर मोटारी पेटवून मागितला, तर तो ड्रेफसकडे मागितलेलाच हिशेब आहे, फक्त देशाचे नाव बदलले आहे.

आणि सगळे काही इस्रायलशी जोडणाऱ्यांनी २००६ मधल्या एका खुनाचा विचार करावा. इलान हालिमी हा मोबाइलच्या दुकानात काम करणारा तेवीस वर्षांचा तरुण. पॅरिसच्या दक्षिणेकडच्या बान्यो या उपनगरातल्या एका टोळीने त्याला पळवून नेले, चोवीस दिवस हालहाल केले आणि शेवटी मरणासन्न अवस्थेत रेल्वेमार्गाजवळ टाकून दिले. टोळीला पॅलेस्टाइनची पर्वा नव्हती. त्यांना खंडणी हवी होती, आणि त्यांचा ठाम समज होता की ज्यू म्हणजे पैसेवाले, आणि एकाकडे नसले तर बाकीचे सगळे वर्गणी काढतील. कुटुंब बेताच्या परिस्थितीतले होते. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपने सावकार ज्यूचे जे चित्र रंगवले, ते विसाव्या शतकातल्या उजव्या वृत्तपत्रांतून झिरपत एकविसाव्या शतकातल्या त्या वस्तीपर्यंत पोचले होते. या खुनाला ज्यूद्वेषाची बाजू आहे, हे मान्य करायला पोलिसांनी सुरुवातीला काचकूच केली. एपिने-स्युर-सेन गावात त्याच्या आठवणीसाठी लावलेले ऑलिव्हचे झाड २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी कापून टाकले.

२०१२ च्या मार्चमध्ये तुलूझच्या ज्यू शाळेच्या दारात तीन मुले आणि एक शिक्षक मारले गेले. त्याच मारेकऱ्याने आधीच्या काही दिवसांत उत्तर आफ्रिकी वंशाच्या तीन फ्रेंच सैनिकांना गोळ्या घातल्या होत्या. त्याच्या नजरेतही फ्रेंच कोण आणि गद्दार कोण याचे स्वतंत्र कोष्टक होते. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या एका कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार अन्न विकणाऱ्या, दुकानात चार ज्यू मारले गेले. त्या दुकानात काम करणाऱ्या लसाना बाथिली या मालीहून आलेल्या मुसलमान तरुणाने ग्राहकांना तळघरातल्या शीतगृहात लपायला मदत केली, आणि तो बाहेर निसटला तेव्हा पोलिसांनी आधी त्यालाच हल्लेखोराचा साथीदार समजून बेड्या घातल्या. दहा-अकरा दिवसांत त्याला नागरिकत्व देण्यात आले. हल्ल्यानंतर आठवडाभरातच पंतप्रधान मान्युएल व्हाल्स संसदेत म्हणाले की ज्यूंशिवाय फ्रान्स फ्रान्स राहणार नाही. बार यांच्या वाक्यापासून इथवर येण्यास पस्तीस वर्षे लागली. तरीही २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत दरवर्षी सात हजारांहून अधिक फ्रेंच ज्यू इस्रायलला निघून गेले. न गेलेल्यांपैकी अनेकांनी उत्तरेकडची उपनगरे सोडून पश्चिम पॅरिस गाठले, मुलांना सरकारी शाळेतून काढून ज्यू किंवा चक्क कॅथलिक शाळांत घातले. ज्या प्रजासत्ताकाने सर्वांना एका बाकावर बसवण्याची शपथ घेतली होती, त्याच्या दृष्टीने ही दुसरी गळती पहिल्यापेक्षा गंभीर आहे.

आता राजकारण. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी ज्यूद्वेषाविरुद्ध मोर्चा बोलावला आणि पॅरिसमध्ये लाखभराहून अधिक लोक आले. मोर्चात कडव्या उजव्यांच्या नेत्या मारीन ल पेन होत्या. त्यांच्या पक्षाचे संस्थापक आणि त्यांचे वडील जाँ-मारी ल पेन यांनी १९८७ मध्ये नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातला ‘एक तपशील’ म्हटले होते. कडव्या डाव्यांचा सर्वांत मोठा पक्ष, ‘फ्रान्स ॲन्सूमीझ’, मोर्चाला आला नाही. राष्ट्राध्यक्ष माक्राँ हेही आले नाहीत. पुढच्याच वर्षी सर्ज क्लार्सफेल्ड यांनी, ज्यांनी आयुष्यभर नाझी गुन्हेगारांचा माग काढला आणि ज्यांचे वडील औशवित्झमध्ये मारले गेले, जाहीर केले की ल पेन यांचा पक्ष आणि कडवे डावे या दोहोंतून निवडायची वेळ आली तर मी ल पेन यांच्या पक्षाला मत देईन. त्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या माणसाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण उजव्यांचे हे प्रेम कोणत्या खात्यातून येते, ते पाहावे. फ्रान्सचा राष्ट्रीय मानवाधिकार सल्लागार आयोग वर्षानुवर्षे पाहण्या करतो. ज्यूंविषयीचे जुने पूर्वग्रह कडव्या उजव्यांच्या समर्थकांत सर्वाधिक सापडतात, असे त्यांत पुनःपुन्हा दिसले आहे. आणि ज्याच्या मनात ज्यूंबद्दल अढी आहे त्याच्या मनात मुसलमानांबद्दलही बहुधा असतेच. डाव्यांनी यावर खूश होऊ नये. आपल्या सभांमधून ‘झायोनिस्ट’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, त्या सुरात पूर्वी कोणता शब्द उच्चारला जाई, हे त्यांनी स्वतःला विचारायला हवे, आणि ते विचारत नाहीत.

मुसलमानांची गोष्टही याच्याशी गुंतलेली आहे. सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हे घालण्यास बंदी करणारा २००४ चा कायदा हिजाबच्या वादातून आला. त्याच कायद्याने ज्यू मुलाची टोपी, किप्पाही शाळेबाहेर गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या एका गावात, मशिदीत नमाज पढत असलेल्या मालीच्या तरुणाला भोसकून मारण्यात आले. ‘आधी सांगा, तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न आज दोन्ही समाजांना विचारला जातो, आणि दुर्दैव असे की दोघेही तो एकमेकांना विचारू लागले आहेत.

ही भेग बाहेरच्यांनाही चांगली दिसते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पॅरिसच्या इमारतींवर एका रात्रीत डेव्हिडचे डझनावारी निळे तारे छापलेले आढळले. सगळ्यांनी आपापले गुन्हेगार लगेच ठरवून टाकले. पकडले गेले ते मोल्दोव्हाचे एक जोडपे, आणि तपासाचा रोख रशियाकडे गेला. मे २०२४ मध्ये ज्यू हत्याकांडाच्या स्मारकाबाहेर रक्ताळ हातांचे ठसे उमटले. त्या प्रकरणी शिक्षा झाली ती बल्गेरियन माणसांना. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिस परिसरातल्या नऊ मशिदींपुढे डुकरांची मुंडकी टाकलेली सापडली, आणि माग पुन्हा परदेशी हातांकडेच गेला. कोणत्या भिंतीला ओल आहे हे शेजाऱ्याला कळल्याशिवाय तो तिथेच पाणी सोडत नाही. कोपर्निकच्या वेळीही पहिला संशय नव-नाझींवर गेला होता, त्यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले होते. तपास मात्र एका पॅलेस्टिनी गटाकडे वळला, आणि पॅरिसच्या न्यायालयाने एका आरोपीला त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली ती एप्रिल २०२३ मध्ये. जवळपास त्रेचाळीस वर्षांनी. तो आरोपी अजूनही आपण निर्दोष असल्याचे सांगतो.

ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली असते. तिच्यात धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो आणि तिला मझूझा म्हणतात. आपल्याकडच्या बेने इस्रायली घरांच्या चौकटीवरही ती पाहायला मिळते. २०२३ च्या शेवटच्या महिन्यांत पॅरिसमधल्या अनेक कुटुंबांनी ती बाहेरून काढून आतल्या बाजूला लावली. घंटेजवळच्या पाट्यांवरून आडनावे उतरली. मोबाइलवरून जेवण मागवताना किंवा टॅक्सी बोलावताना कोहेन, लेव्ही ही नावे बदलून लोक दुसरेच एखादे नाव टाकू लागले. जेवण घेऊन येणारा मुलगा जिना चढतो, दार उघडते, पिशवी दिली जाते, ‘बाँ सुआर’ म्हटले जाते आणि दार लागते. त्या अर्ध्या मिनिटापुरता दारात उभा असतो तो एक निरपराध फ्रेंच माणूस.